सोने आणि सोनेरी

सोने आणि सोनेरी या दोन शब्दांत केवळ एका प्रत्ययाचे अंतर आहे. परंतु बाजारात उभे राहिले म्हणजे ते अंतर किती मोठे आहे याची प्रचीती येते. सराफाच्या पेढीवर ते कसोटीच्या दगडाने मोजले जाते, कापडाच्या दुकानात जरीच्या पदरावरून ताडावे लागते. दुकानाच्या माथ्यावर जी पाटी झळकते तिच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न सहसा विचारीत नाही. अक्षरे सोनेरी दिसली म्हणजे झाले. ती कशाची आहेत याची चौकशी कोण करतो? ही चौकशी करण्याची पाळी येते ती आपल्याच घरच्या दुकानावर पाटी लावावयाची असते तेव्हा.

ती पाळी आमच्या कुटुंबावर अलीकडे आली. त्या निमित्ताने जे पाहिले, शिकले आणि पडताळले ते आपणापुढे ठेवावे असे वाटले. आपणांपैकी कोणाचे बडोद्यास किराणा मालाचे दुकान असेल, कोणाचे बेळगावास औषधांचे. कोणाच्या मुलीने हैदराबादेस नुकताच दवाखाना थाटला असेल. गाव कोणतेही असो, पाटी सर्वांनाच लागते, आणि ती लावताना सोनेरी अक्षरांचा मोह बहुतेकांना होतो. हा मोह वाईट नव्हे. तो डोळसपणे पुरविला म्हणजे झाले.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीस असते. तेथे तिच्या सासरचे साड्यांचे दुकान आहे. तिच्या सासऱ्यांनी ते आपल्या आईच्या नावाने सुरू केले. चार वर्षांपूर्वी बहिणीचे यजमान अकस्मात वारले, तेव्हा दुकान विकून टाकावे असा सल्ला तिला अनेकांनी दिला. तिने तो मानला नाही. तेरावा दिवस उलटल्यावर काही दिवसांतच तिने स्वतः कुलूप काढले आणि ती गादीवर बसू लागली. मुलगी तेव्हा महाविद्यालयात शिकत होती. ती सुट्टीत हिशेबाच्या वह्या पाहू लागली. दुकान सावरले. परंतु वरची पाटी मात्र अगदी गेली होती. अक्षरांचा सोनेरी रंग काळपट झाला होता, पत्र्याला गंज चढला होता, आणि खालच्या कोपऱ्यात ‘प्रो. प्रा.’ या अक्षरांपुढे यजमानांचे नाव अर्धवट दिसत होते. पाटी बदलणे म्हणजे ते नावही उतरविणे. म्हणून हे काम एकेका दिवाळीवर ढकलले जात होते.

आणखी एक कारण होते. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात सुधारणा झाली. पाटीवर नाव मराठीत, देवनागरी लिपीत असावे आणि अन्य लिपीतील अक्षरे त्याहून मोठी असू नयेत, असे त्यात सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. माझ्या बहिणीच्या जुन्या पाटीवर इंग्रजी नाव ठळक आणि मराठी नाव बारीक होते. तेव्हा आता नवी पाटी करणे भागच झाले.

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले. त्यामुळे धातूंविषयी काही विचारावयाचे झाले की घरात माझी आठवण निघते. बहिणीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, “ताई, सोनेरी अक्षरांसाठी मला सहा जणांनी सहा वस्तू सांगितल्या आहेत. नमुने पाहिले, तर सगळेच सोन्यासारखे दिसतात. गिऱ्हाइकाला मी पदराची जर ओळखून देते, पण यातले मला काही ओळखता येईना.”

तिच्या या बोलण्यातच उत्तराचा धागा होता. जरीचे प्रकार आपल्या घरांतील स्त्रियांना ठाऊक असतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. सुरत शहर या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्याहून हलक्या जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार येते आणि तिला वरून चांदीचा पातळ थर देतात. वापराने झिजली की आतले तांबे डोकावू लागते. तिसरी जर आहे ती प्लास्टिकच्या बारीक फितीची. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर बसविलेला असतो आणि त्याला पिवळ्या रंगाने सोन्याचे रूप आलेले असते. या तिन्ही जरी विकल्या जातात आणि तिन्हींना गिऱ्हाईक आहे. हलकी जर विकणे हा गुन्हा नव्हे. हलकी जर खरी म्हणून विकणे हा गुन्हा. पाटीच्या अक्षरांतही नेमक्या अशाच पायऱ्या आहेत. मी बहिणीस तसे सांगितले आणि आम्ही एकेक वस्तू तपासावयास घेतली.

पहिली वस्तू म्हणजे डब्यातला सोनेरी रंग. त्यात जी भुकटी असते तिला बाजारात ब्राँझ पावडर म्हणतात. ब्राँझ म्हणजे वास्तविक कांसे. परंतु ही भुकटी बहुधा पितळेची, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची असते. नवा असताना हा रंग फार देखणा दिसतो. पण भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे पितळेचा एक सूक्ष्म तुकडा. आपल्या देवघरातील समई चिंच लावून घासली नाही तर चार दिवसांत मंदावते, तसाच हाही मंदावतो. फरक इतकाच की समई घासता येते, पाटीवरचा रंग घासता येत नाही.

दुसरी वस्तू दिसावयास तशीच, पण जातीने निराळी. हिच्यात धातू जवळजवळ नसतोच. अभ्रकाच्या अतिशय बारीक पापुद्र्यांवर टायटेनियम व लोह यांच्या भस्मांचे, म्हणजे ऑक्साइडांचे, थर देतात आणि त्यांतून प्रकाश परावर्तित होऊन सोनेरी झाक येते. जे आधीच भस्म झाले ते आणखी काय काळवंडणार? म्हणून हा रंग हवेने काळा पडत नाही. त्याला धातूची धगधगती चकाकी मात्र नसते. मोत्याचे असते तसे सौम्य पाणी त्याला असते.

तिसरी वस्तू व्हिनाइलची सोनेरी चिकटपट्टी. यंत्राने अक्षरे कापून ती तासाभरात चिकटविता येतात. हिचे कुळ प्लास्टिकच्या जरीचेच: आत रुपेरी थर, वर पिवळी झाक. सूर्यप्रकाशाने पिवळी झाक विटली की आतला रुपेरीपणा उघडा पडतो.

चौथी वस्तू पितळेची भरीव अथवा पत्र्यातून कापलेली अक्षरे. ही भारदस्त असतात यात शंका नाही. त्यांवर पारदर्शक लेप देतात. पण उघड्यावर तो लेप काही वर्षांत फुटतो आणि मग खाली डाग पसरतात. ज्याच्या घरी रोज ब्रासो किंवा चिंच घेऊन शिडीवर चढणारा माणूस आहे त्यानेच पितळ निवडावे.

पाचवी वस्तू अलीकडची. स्टेनलेस पोलादाच्या अक्षरांवर निर्वात पेटीत टायटेनियम नायट्राइड या संयुगाचा अत्यंत पातळ थर बसवितात. या संयुगाचा रंग मुळातच सोन्यासारखा असतो आणि ते विलक्षण कठीण असते. कारखान्यांतील गिरमिटांच्या टोकांवर जो सोनेरी थर आपण पाहतो तो पुष्कळदा याचाच. वस्तू चांगली आहे, पण खालचे पोलाद कोणते ते विचारून घ्यावे. साधारणपणे ३०४ क्रमांकाचे पोलाद वापरतात. समुद्रकिनारी मिठाच्या हवेत त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. ३१६ क्रमांकाच्या पोलादात मॉलिब्डेनम असते, ते मिठापुढे अधिक तग धरते. किनाऱ्यावरील वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

सहावी वस्तू म्हणजे प्रत्यक्ष सोने, अर्थात सोन्याचा वर्ख.

खरे सोने म्हटल्याबरोबर आपण दचकतो. पाटीवर सोने लावणे हे संस्थानिकांचे काम, असे मनात येते. माझ्या बहिणीचे मोठे दीर तर म्हणाले, “दुकानात माल भरायला पैसा पुरत नाही आणि पाटीला सोने?” त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. म्हणून आम्ही कागद घेऊन हिशेब केला.

सोने हा धातू इतका मऊ की तो ठोकून ठोकून मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ करता येतो. असा वर्ख उजेडापुढे धरला तर त्यातून हिरवट प्रकाश पलीकडे दिसतो. एक ग्रॅम सोन्याच्या वर्खाने सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकली जाते. वर्खाची पाने साधारणतः ८ सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असतात आणि पंचवीस पानांची एक वही मिळते. दुकानाचे नाव सात अक्षरांचे. अक्षरांची उंची ९ इंच. वाया जाणारा भाग जमेस धरूनही दोन वह्या, म्हणजे पन्नास पाने पुरेशी होती. त्या पन्नास पानांत सोने किती? एक ग्रॅमहूनही कमी. नाकातल्या लहानशा चमकीत असते तेवढे सोने बारा फुटी पाटी उजळू शकते, हे ऐकून दीरही क्षणभर गप्प झाले.

अर्थात वर्खाची किंमत म्हणजे नुसत्या सोन्याची किंमत नव्हे. त्यात ठोकणाऱ्याची मजुरी असते. आणि पाटीची किंमत म्हणजे नुसत्या वर्खाची किंमत नव्हे, हे तर पुढे अधिकच स्पष्ट झाले.

हिशेब झाला तरी निर्णय झाला नव्हता. कागदावरचे रसायनशास्त्र आणि कोकणातला पाऊस यांत फरक असतो. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा समुद्रावरून खारा वारा येत असतो. म्हणून मी एक उपाय सुचविला. तो आपणही कोठेही करू शकाल, त्यास खर्च जवळजवळ नाही. सागवानाच्या वीतभर लांबीच्या बारा फळ्या घेतल्या. सहाही वस्तूंचे एकेक अक्षर दोन दोन फळ्यांवर लावले. सहा फळ्यांची एक रांग दुकानाच्या छपराखाली, जेथे पागोळ्यांचे पाणी येत नाही अशा जागी टांगली. दुसरी रांग माडीच्या उघड्या कठड्यावर. गुढीपाडव्यास त्या टांगल्या आणि दसऱ्यास उतरविल्या. माझ्या भाचीने दर शनिवारी प्रत्येक अक्षराचा अर्धा भाग फडक्याने पुसावयाचा आणि अर्धा तसाच सोडावयाचा, असे ठरविले. तिने एकही शनिवार चुकविला नाही.

दसऱ्याच्या दुपारी बाराही फळ्या ओटीवर मांडल्या. वर्गात विद्यार्थ्यांपुढे नळ्या मांडाव्यात तशी त्यांची रांग लावली. उघड्यावरचा पितळी भुकटीचा रंग तपकिरी झाला होता. छपराखालचाही मंदावला होता. अभ्रकाचा रंग दोन्ही ठिकाणी जवळजवळ जसाच्या तसा, मात्र पहिल्या दिवशी होता तितकाच सौम्य. व्हिनाइलच्या अक्षराच्या कडा उघड्यावर उचलल्या गेल्या होत्या. पितळेवर हिरवट ठिपके आले होते. पोलादाचे अक्षर उत्तम राहिले होते, पण ज्या साध्या लोखंडी स्क्रूने ते बसविले होते त्याचा तांबडा ओघळ खाली उतरला होता. वर्खाचे अक्षर छपराखाली आदल्या दिवशी लावल्यासारखे होते. उघड्यावरही त्याचा रंग तसूभर बदलला नव्हता. मात्र भाचीने जो अर्धा भाग पुसला होता तेथे सोने किंचित विरळ झाले होते.

सोन्याचा गुण आणि सोन्याचा दोष अशा रीतीने एकाच फळीवर दिसला. हवा, पाणी, मीठ यांचे त्यापुढे काही चालत नाही. माणसाचा हात मात्र त्याला सोसत नाही. म्हणून वर्ख हात पोचणार नाही अशा उंचीवर असावा आणि तो कधी घासू नये. धूळ बसली तर पाण्याची हलकी धार पुरे. उजळपणा टिकावा म्हणून त्यावर वार्निश देण्याचाही काही लोक आग्रह धरतात. चांगल्या वर्खाला त्याची गरज नसते. उलट वार्निश सोन्याआधी खराब होते आणि सोन्याचे तेज झाकते.

आता प्रश्न राहिला तो लावणाऱ्याचा. गावात एक वृद्ध पेंटर आहेत. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी मुंबईत पाट्या रंगविण्याच्या कामात त्यांनी वर्ख लावण्याची विद्या घेतली होती. छापील फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे काम जवळजवळ राहिलेच नव्हते. त्यांनी पहिल्या भेटीतच अट घातली, “वहिनी, पाया मी सांगेन तसाच करायचा. सोने पडत नाही, खालचा रंग पडतो आणि सोन्याला घेऊन जातो.”

या एका वाक्यात त्या धंद्याचे सारे मर्म आहे. पुढील सोळा दिवस मी त्यांचे काम जवळून पाहिले. त्यांपैकी सोने लावण्यात गेले ते दीड दिवस. उरलेले सर्व दिवस पायासाठी. सागवानाच्या फळ्या मुरलेल्या निवडल्या. त्यांना पाठीमागूनही रंग दिला, कारण लाकडात ओल शिरते ती पुष्कळदा मागच्या बाजूने. पुढच्या बाजूस अस्तराचे हात, प्रत्येक हातानंतर घोटकाम, मग गडद हिरव्या रंगाचे हात. बोट फिरविले तर काचेवरून फिरल्यासारखे वाटले तेव्हा त्यांनी खडूने अक्षरे आखली. अक्षरांच्या जागी आधी हळदीसारखा पिवळा रंग भरला, म्हणजे एखादे ठिकाण वर्खाविना राहिले तरी डोळ्यास खुपत नाही. मग जवसाच्या तेलापासून केलेले चिकटण, ज्याला ते गोल्ड साइज म्हणतात, ते अक्षरांवर पातळ ओढले.

यानंतर वाट पाहावयाची. चिकटण ओले असता वर्ख लावला तर तो बुडून काळवंडल्यासारखा दिसतो. फार वाळल्यावर लावला तर धरत नाही. पेंटरकाका बोटाचे मागचे पेर अक्षराच्या कडेला टेकवून पाहत. बोट निघताना बारीकसा आवाज आला की वेळ झाली. दुकानातले पंखे बंद केले, दारे लावून घेतली, कारण माणसाच्या श्वासानेही सुटा वर्ख उडतो. त्यांनी रुंद, मऊ केसांचा कुंचला स्वतःच्या गालावरून एकदा फिरविला. त्वचेवरच्या नाममात्र तेलकटपणाने वर्ख कुंचल्यास लागतो आणि अक्षरावर टेकविताच कुंचल्यास सोडून अक्षरास बिलगतो. उघड्यावर काम करावयाचे झाले तर कागदावर दाबून बसविलेला वर्ख मिळतो, तो वाऱ्याने उडत नाही. शेवटी कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसले तेव्हा अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या उमटल्या.

वर्ख घेताना एक सावधगिरी बाळगावी. बाजारात पितळेचाही वर्ख मिळतो आणि दिसण्यात तो सोन्याच्या वर्खाहून वेगळा वाटत नाही. संशय आला तर एक तुकडा सराफाकडून तपासून घ्यावा. नत्राम्लात पितळ विरघळते, सोने विरघळत नाही. हा प्रयोग घरी करू नये. ते आम्ल फार दाहक आहे. उघड्यावरील पाटीसाठी बावीस कॅरेट अथवा त्याहून शुद्ध सोन्याचा वर्ख घ्यावा. त्याहून हलक्या वर्खात चांदी आणि तांबे अधिक असतात आणि तेच काळे पडतात.

सोन्यापेक्षा पायाकडे अधिक लक्ष देण्याची ही रीत आपल्या देशास नवी नाही. तंजावरची चित्रे आपण पाहिली असतील. तेथे मराठी राजांच्या आश्रयाने ही कला बहरली. देवतांच्या अंगावरील अलंकार आधी खडूची पूड व डिंक यांच्या लेपाने उठावदार करतात आणि मग त्यांवर सोन्याचा पत्रा बसवितात. अमृतसरच्या हरिमंदिराचे सोनेही भिंतीवर थेट लावलेले नाही. ते तांब्याच्या पत्र्यांवर चढविलेले असून महाराजा रणजितसिंहांच्या काळातील ते काम पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा नवे करण्यात आले. सोने नेहमी दुसऱ्याच्या आधारावर उभे असते.

पाटीचा पहिला धर्म वाचता येणे हा आहे, हेही विसरू नये. सोनेरी अक्षर आरशासारखे असते. समोर उजेड असला तर ते तळपते, समोर काळोखी गल्ली असली तर काळे दिसते. म्हणून त्याला गडद पार्श्वभूमी द्यावी: काळी, गडद हिरवी, तपकिरी अथवा निळी. पांढऱ्यावर सोनेरी कधीही लिहू नये. अक्षराच्या एका बाजूने काळ्या रंगाची बारीक छाया दिली तर ते दुरूनही सुटे वाचता येते. उंचीचा साधा नियम असा की दर दहा फूट अंतरास एक इंच धरावा. नव्वद फुटांवरून वाचावयाचे असेल तर नऊ इंच. देवनागरीसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार येतात आणि खाली उकार येतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या पाटीवर मराठी नाव लिहिले की बिचाऱ्या उकाराचे पाय पाटीबाहेर जातात, नाहीतर सारे अक्षरच लहान करावे लागते. पाटी करावयास सांगताना अक्षराच्या उंचीइतकीच जागा वर-खाली मिळून मोकळी मागून घ्यावी.

रात्री उजळणारी पाटी हवी ही दिरांची इच्छाही रास्त होती. त्यासाठी पाटीच्या वर एक लांब दांड्याचा दिवा बसविला. वरून पडलेल्या उजेडात वर्ख निरांजनाच्या प्रकाशातल्या दागिन्यासारखा दिसतो. दिव्याचे आणि पाटीचे सर्व स्क्रू चांगल्या पोलादाचे घेतले. दसऱ्याच्या फळीवरील तांबडा ओघळ सर्वांच्या लक्षात होता.

एकूण खर्च मांडला तेव्हा वर्खाचा वाटा निम्म्याहून कमी निघाला. उरलेला लाकडाचा, रंगाचा आणि हाताचा. सोनेरी पोलादाच्या अक्षरांच्या मानाने थोडासाच अधिक. अशी पाटी नीट राखली तर वीस वर्षे सहज टिकते, हे लक्षात घेतले तर तो अधिक नव्हेच.

एक गोष्ट अद्याप राहिली होती. नाव सोन्यात लिहून झाल्यावर पेंटरकाका थांबले आणि म्हणाले, “वहिनी, खालच्या ओळी? आणि मालकाचे नाव?”

दुकानात आम्ही सर्वजण होतो. दिरांनी हळूच सांगितले, “भावाचेच नाव राहू दे. लोकांना सवय आहे.” भाची काही बोलली नाही, तिने आईकडे पाहिले. गेली चार वर्षे माल भरणे, उधारी वसूल करणे, कर भरणे, मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यांशी बोलणी करणे, हे सारे माझी बहीण करीत आली होती. तरीही कित्येक पावत्या अजून यजमानांच्या नावाने येत होत्या, आणि तिनेही त्या दुरुस्त करण्याचा आग्रह धरला नव्हता. मी थोरली, पण या प्रश्नात मला उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. मी गप्प राहिले.

ती जरा वेळाने म्हणाली, “सासूबाईंचे नाव सोन्यात आहे, ते कधी बदलायचे नाही. पत्ता, फोन नंबर आणि ‘साड्या व कापड’ हे साध्या पिवळ्या रंगात लिहा; ते सोने आहे असा भास नको. आणि मालक म्हणून माझे नाव लिहा. तेही रंगातच.”

“तुमचे नाव रंगात कशाला? वर्ख उरला आहे,” पेंटरकाका म्हणाले.

“उरू दे. पुढे मुलगी बसेल गादीवर. तेव्हा माझे नाव पुसून तिचे लिहिता आले पाहिजे.”

‘सासूबाई’ म्हणजे तिची आजेसासू. घरात सर्वच त्यांना तसे म्हणत. दिरांनी मान हलविली. त्यांनी स्वतःच्या हाताने जुन्या पाटीवरील भावाच्या नावाचा पत्रा कापून घेतला आणि दुकानातल्या देवाच्या फळीवर ठेवला. दिवाळीच्या पाडव्यास नवी पाटी चढली. त्यानंतर आलेल्या पहिल्या बिलावर माझ्या बहिणीने आपले नाव घालून घेतले.

वाचकहो, यावरून सर्वांनी वर्खच लावावा असे मला सांगावयाचे नाही. दुकान भाड्याचे असेल, दोन-तीन वर्षांनी जागा बदलावयाची असेल, तर अभ्रकाचा सोनेरी रंग पुरेसा आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पाटीला छप्पर नसेल, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागत असेल, तर चांगल्या पोलादाची अक्षरे घ्यावीत. उत्सवापुरती पाटी हवी असेल तर चिकटपट्टीसारखी सोय दुसरी नाही. केवळ इतके करावे: लावणाऱ्यास ही वस्तू कशाची आहे हे स्पष्ट विचारावे, एक नमुना आपल्या हवेत एक पावसाळा टांगून पाहावा, आणि पाटीवरील कोणता मजकूर पिढ्यान्‌पिढ्या राहावयाचा आहे व कोणता उद्या बदलावयाचा आहे हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे. सोने लावावयाचे ते पहिल्यास. दुसऱ्यास साधा, स्वच्छ, वाचता येईल असा रंग पुरतो.